भिंतीकडं तोंड

मामांकडे खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी मला दोनच प्रश्न विचारले. पहिला, "मटण करणार का?" मी हो म्हटलं. "मग खाली एक वाटी पाठवायची," ते म्हणाले. दुसरा, "गाव कुठलं?" गडहिंग्लज म्हटल्याबरोबर त्यांचा चेहरा उतरला. फुटबॉलचं वेड आमच्याकडेही आहे, आणि आमच्या गावच्या पोरांनी कधीकाळी कोल्हापुरात येऊन मामांच्या पेठेतल्या तालमीच्या संघाला हरवलं होतं. "त्यो गोल ऑफसाइड होता, हे तुला मान्य हाय का?" मामांनी विचारलं. तेव्हा मी जन्मलेही नव्हते. पण खोलीला दोन खिडक्या होत्या आणि नळाला पाणी भरपूर होतं. मी म्हटलं, "होताच की." खोली मिळाली.

खाली मामांचं फोटो फ्रेमचं दुकान, त्याच्यामागे ते आणि मामी, वर आम्ही दोघी. मी एका लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासायची. खोलीतली माझी जोडीदारीण सुजाता गारगोटीची, एसटीत कंडक्टर. मामा आमचे कुणाचेच मामा नव्हते. सगळी पेठच त्यांना मामा म्हणायची. बुटके, साठीच्या पुढचे, बोटांवर काचेच्या बारीक चिरा आणि शर्टाच्या खिशात कायम खडूचा तुकडा. खडू कशाला, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

दुकानाच्या एका भिंतीवर गिऱ्हाइकांच्या फ्रेमा असायच्या. दत्त, गणपती, कुणाचे आजोबा, कुणाचं लग्न. समोरच्या भिंतीवर मामांचं कोर्ट होतं. तिथं फक्त खेळाडू. क्रिकेटवाले, फुटबॉलवाले, चार-पाच पैलवान. मैदानाबाहेर कुणी काही वावगं केल्याची बातमी आली की मामा स्टुलावर चढायचे आणि त्या खेळाडूची फ्रेम उलटी करायचे. तोंड भिंतीकडं. मग मागच्या पुठ्ठ्यावर खडूनं दोन ओळी लिहायचे. 'गुन्हा' आणि 'सुटका'.

नवीन गिऱ्हाईक आलं की घोटाळा व्हायचा. एकदा एक गृहस्थ वडिलांचा फोटो फ्रेमला द्यायला आले. भिंतीवरच्या पाठमोऱ्या फ्रेमा बघून त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, "हे सगळे कधी गेले?"

"गेले न्हाईत पावणं," मामा म्हणाले. "आत हाईत."

कोर्टाचा कायदा कडक होता. एका फलंदाजानं हॉटेलात वेटरच्या अंगावर ताट फेकलं, त्याला एक वर्ष. तीन आठवड्यांनी पाकिस्तानबरोबर मॅच आली, तेव्हा सकाळी सकाळी फ्रेम सरळ. मी विचारलं, "मामा, वर्ष झालं?" ते म्हणाले, "त्याला पश्चात्ताप झालाय." कसं कळलं म्हणून विचारलं तर म्हणाले, "नेटमधली बॅटिंग बघितली की मी काल." सुटका हा प्रकार त्या भिंतीवर नेहमी मोठ्या मॅचच्या तोंडावरच व्हायचा. मामांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

मामा ब्राझीलचे. त्यामुळे अर्जेंटिनाचा एक खेळाडू कायम पाठमोरा असायचा, आणि त्याच्या पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, 'गुन्हा: करणारच.' पलीकडच्या पेठेतल्या संघाचा गोलकीपर एकदा हेल्मेट नसताना पकडला गेला. त्याचा फोटो भिंतीवर नव्हताच. मामांनी पेपरातून तो कापला, चांगली सोनेरी पट्टी लावून फ्रेम केला, आणि फ्रेमची काच पुसून, आरपार दिसतंय ना याची खात्री करून, उलटा टांगला. एका पैलवानानं धाब्यावर दुधाच्या टेम्पोवाल्याला बडवलं, त्यालाही सहा महिने ठोठावले होते. चौथ्या दिवशी तो पैलवान स्वतःच दुकानात आला आणि भिंतीकडे बोट करून म्हणाला, "मामा, ह्यो मीच काय?" मामांनी स्टूल घेतलं, फ्रेम सरळ केली आणि मला ऐकू येईल अशा बेतानं म्हणाले, "चांगल्या वर्तणुकीबद्दल."

त्यांची दोन वाक्यं होती. परक्या संघाच्या खेळाडूबद्दल ते म्हणायचे, "माणूसच धड न्हाय तर खेळाला काय चाटायचंय?" आणि आपल्या माणसाबद्दल, "खेळ येगळा, माणूस येगळा." दोन्ही वाक्यं ते सारख्याच ठामपणे आणि कधी कधी पाचेक मिनिटांच्या अंतरानं म्हणायचे. मामी आतून ओरडायची, "न्हाणीतला नळ दोन वर्सं गळतोय, त्याला काय सजा हाय का न्हाय?" कोर्ट तिच्याकडे लक्ष द्यायचं नाही.

खोटं कशाला बोलू, मलाही त्या कोर्टाची मजा यायची. लॅबमधून येताना मी मोबाइलवर बातम्या शोधून मामांना गुन्हेगार पुरवायची. कुठल्या टेनिसवाल्यानं पंचाला शिव्या दिल्या, कोण विमानात धिंगाणा घालून उतरवला गेला. मामा ऐकून घ्यायचे, डोळे मिटायचे आणि मुदत सांगायचे. मी हसत जिना चढायची. सुजाता मात्र कधी हसली नाही. दिवसभर शंभर प्रकारची माणसं बघून आलेल्या बाईला पुठ्ठ्यावरचा न्याय काय रिझवणार!

भिंतीच्या मधोमध दोन फोटो शेजारी शेजारी होते. एक तालमीच्या संघातल्या दहा नंबरचा. पोरगं खरंच देखणं खेळायचं. बॉल त्याच्या पायाला चिकटून असायचा, आणि पेठेतल्या निम्म्या रिक्षांच्या पाठीवर त्याचं चित्र होतं. दुसरा, खेळाडू नसलेला तेवढा एकच, मामांचा स्वतःचा. तालमीनं 'आदर्श समर्थक' म्हणून शाल-श्रीफळ दिलं तेव्हाचा. मामा म्हणायचे, "ही भिंत बांधल्यापासनं ह्या दोन फोटोंचं तोंड भिंतीकडं झाल्यालं न्हाय. आन् व्हणार न्हाय."

मग त्या वर्षीची सेमीफायनल झाली. दहा नंबरनं दोन गोल मारले आणि संध्याकाळी पेठेत मिरवणूक निघाली. गुलाल, हलगी, पन्नास-साठ मोटारसायकली. नेमकी त्याच वेळी सुजाताची एसटी गाडी चौकात, मामांच्या दुकानासमोर अडकली. गाडीत दवाखान्यात निघालेली एक म्हातारी होती, तिला धाप लागली होती. पोरं गाडीच्या खिडक्यांतून गुलाल टाकायला लागली. दहा नंबर दारात चढला. सुजाता दार अडवून म्हणाली, "आत पेशंट हाय. गुलाल टाकू नका." त्यानं तिच्या थोबाडीत मारली. मग खाली उतरला आणि परत पोरांच्या खांद्यावर बसला.

हे मला तिनं सांगितलं, रात्रीचं जेवण न करता, गाल माझ्याकडे न वळवता. गालावर गुलालाची चार बोटं उठली होती. ती तिनं दुसऱ्या दिवशी पोलीस स्टेशनला जाऊन येईपर्यंत धुतली नाहीत.

तक्रार झाली. पण हवालदार म्हणाले, बाई, बघणारं कुणीतरी पाहिजे. ड्रायव्हर म्हणाला, मी पुढं बघत होतो, ड्रायव्हरनं पुढंच बघायचं असतंय. म्हातारीला धाप सोडून दुसरं काही आठवत नव्हतं. मोबाइलवर व्हिडिओ ढिगानं होते आणि सगळ्यांत नुसता लाल धुरळा. चौकातल्या कॅमेऱ्यासमोर अभिनंदनाचा भला मोठा फलक लागला होता, त्यावर दहा नंबर हात जोडून उभा होता. उरले मामा. ते दुकानाच्या पायरीवर पेढ्यांचा बॉक्स घेऊन उभे होते, गाडीच्या दारापासून चार पावलांवर. सुजातानं त्यांना बघितलं होतं. त्यांनीही तिला बघितलं होतं.

सुजाताला काही त्याला फासावर द्यायचं नव्हतं. ती मला एवढंच म्हणाली, "मला मारलं, ते कुणीतरी बघितलं, एवढं कागदावर यायला पायजे. न्हायतर उद्या मीच खोटी."

आम्ही दोघी खाली गेलो. मामा काळा गॉगल लावून काच कापत होते.

"मामा, तुम्ही होता न्हवं पायरीवर?" सुजातानं विचारलं.

"होतो की बाळ. पर डोळ्यात गुलाल गेला. एकदम अंधार. अजून चुरचुरतंय बघ." त्यांनी गॉगल जरासा उचलला आणि लगेच खाली टाकला.

फायनल आठ दिवसांवर होती. ते आठ दिवस मामांनी गॉगल उतरवला नाही. दुकानात गॉगल, जेवताना गॉगल. मेडिकलमधून डोळ्यांत घालायचं औषध आणलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं काउंटरवर ठेवलं. गॉगलमधून माप दिसेना, त्यामुळे एका नवराबायकोच्या फोटोची काच त्यांनी अशी कापली की नवरा फ्रेममध्ये बसला आणि बायको अर्धी बाहेर राहिली. दहा नंबरचा फोटो भिंतीवर हसत होता. मी एकदा मुद्दाम विचारलं, "मामा, गुन्हा ऐकलात का?"

"ऐकलंय. पर मी बघितलं न्हाय. ऐकीव गोष्टीवर मी सजा देत नस्तो."

विमानातला धिंगाणा यांनी कुठं बसून बघितला होता, असं माझ्या ओठांवर आलं होतं. मी गिळलं. खोली सोडायला लागली असती. ह्याची मला आजही लाज वाटते.

मधल्या एका संध्याकाळी तालमीचे पाच जण वर आमच्या खोलीत आले. काठापदराची साडी, नारळ आणि पेढे. बरोबर घरमालक म्हणून मामा, गॉगलसकट. आमच्याकडे भांडण मिटवायची ही रीत आहे. पुरुषानं हात उचलायचा आणि बाईनं साडी घ्यायची. अध्यक्ष सतरंजीवर मांडी घालून म्हणाले, "ताई, पोरगं हाय. जिंकल्याच्या भरात हात उठला. फायनल तेवढी हूं दे, तुमच्या पाया पडायला लावतो."

सुजाता म्हणाली, "आन् हारला तर?"

अध्यक्षांना प्रश्नच कळला नाही. "हारतोय कशाला?" ते म्हणाले.

"साडी न्या परत," ती म्हणाली. "ड्यूटीवर मला खाकी लागती."

ते साडी तशीच ठेवून गेले. मामा जिन्यापाशी घुटमळले. "बाळ, खेळ येगळा..." त्यांनी सुरुवात केली. सुजातानं दार लावून घेतलं. साडी तिनं सकाळी मामीकडे नेऊन दिली. मामीनं कात्री घेतली, साडीचे चार तुकडे केले आणि काच पुसायला दुकानात नेऊन ठेवले. मामांनी फायनलपर्यंत त्या साडीनं काचा पुसल्या. साडी पाणी टिपत नव्हती, नुसतं पसरवत होती.

फायनलला मामा मैदानावर गेले नाहीत. डोळे आलेला माणूस मैदानावर कसा जाणार! दुकानातच लोकल चॅनेलवर मॅच लावली. सुजाता ड्यूटीवर होती. मी जिन्यात उभी राहून बघत होते, बघायचं नाही असं ठरवून. पण दहा नंबरनं दोघांना चकवून बॉल पुढं काढला तेव्हा माझ्या तोंडून "मार!" निघून गेलं. मी जीभ चावली. मामांनी वळून माझ्याकडे बघितलं. काळ्या काचांमागे त्यांना किती आनंद झाला असेल ते मला दिसलं नाही, पण कळलं.

मॅच बरोबरीत सुटली. पेनल्टीवर आली. शेवटची पेनल्टी दहा नंबरची. तो धावत आला आणि त्यानं बॉल बारच्या वरून, पार प्रेक्षकांत मारला.

तालीम हरली. मामांनी गॉगल काढला, घडी घालून खिशात ठेवला, स्टूल ओढलं आणि वर चढले. दहा नंबरचं तोंड भिंतीकडं झालं. खडू इतक्या जोरात चालला की त्याचे दोन तुकडे झाले. 'गुन्हा: बाईमाणसावर हात टाकला. सुटका: कधीच न्हाय.'

सकाळी सातला ते आमच्या दारात. इस्त्रीचा शर्ट, डोळे स्वच्छ. "सुजाता, चल बाळ. जबाब देतो. असल्या माणसाला सोडायचं नस्तंय."

सुजाता त्यांच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, ही आता ह्यांना जिन्यावरून ढकलणार. पण तिनं फक्त चप्पल घातली. "चला," ती म्हणाली. "जबाब थोबाडीत मारल्याचा द्या म्हंजे झालं. पेनल्टीचा नको."

पोलीस स्टेशनात मामांनी सुरुवात पेनल्टीपासूनच केली. "साहेब, शेवटचा शॉट. गोलकीपर डावीकडं झेपावलाय, उजवी बाजू सताड मोकळी..."

"मामा," हवालदार म्हणाले, "ते आम्ही पण बघितलंय. अलीकडचं सांगा."

मग मामांनी अलीकडचं सांगितलं. दहा नंबर कुठल्या बाजूनं आला. डावा पाय पहिल्या पायरीवर, उजवा हवेत. डाव्या हातानं दांडी धरली, उजवा हात खांद्याच्या मागे नेऊन आणला. सुजाताचं डोकं दाराच्या पत्र्यावर आपटलं, त्याचा आवाज आला. तिकिटाचं मशीन खाली पडलं. तिनं आधी गाल धरला नाही, आधी मशीन उचललं, सदऱ्याला पुसलं, चालतंय का बघितलं. मग वर बघितलं. "आन् माझ्याकडं बघितलं," मामा म्हणाले. हवालदारांचं पेन भराभर चाललं होतं. एखादा गोल सांगावा तसं मामा सगळं सांगत होते, काही म्हणता काही सुटलं नव्हतं.

सुजाता भिंतीला टेकून ऐकत होती. मशीन पुसल्याचं तिलाही आठवत नव्हतं. आठ दिवस आम्ही दोघी जे शोधत होतो ते सगळं, पत्र्याच्या आवाजासकट, आमच्या खोलीच्या खाली गॉगल लावून बसलं होतं.

मामांनी सही केली, तारीख घातली. येताना रिक्षात ते खुशीत होते. "झालं न्हवं आता तुझ्या मनासारखं?" असं त्यांनी दोनदा विचारलं.

सुजाता वर गेली नाही. ती सरळ दुकानात शिरली आणि स्टुलावर चढली. दहा नंबरची फ्रेम काढली, खडू तळहातानं पुसला आणि फोटो सरळ लावला.

"आगं आगं, काय करतीस? सजा हाय त्याला!"

"ही सजा पेनल्टीची हाय मामा. मला मारलं तवा ह्यो आठ दिवस सरळच होता की. ऱ्हाऊ दे सरळ. त्याचं काय ते कोर्ट बघंल."

मग तिनं शेजारचा फोटो काढला. शाल, श्रीफळ, आदर्श समर्थक. तो उलटा केला आणि तोंड भिंतीकडं करून टांगला. स्टुलावरून उतरली आणि मामांच्या खिशातला खडूचा तुकडा काढून त्यांच्या हातात ठेवला.

"गुन्हा तुमचा तुम्ही लिवा," ती म्हणाली आणि ड्यूटीवर गेली.

मामा खडू धरून उभे राहिले. मामी आतून पदराला हात पुसत आली, भिंतीकडे बघितलं आणि परत आत गेली. त्या दिवशी दुकानात तीन गिऱ्हाइकं आली. तिघांनाही मामांनी उद्या या म्हणून सांगितलं. त्या आठवड्यात त्यांनी न्हाणीतला नळ दुरुस्त करून घेतला.

पुढं सुजाताची बदली गारगोटीला झाली, मीही खोली सोडली. केस अजून चालू आहे. मामांनी एकही तारीख चुकवलेली नाही, हे मान्य करायला पाहिजे. दहा नंबर खेळतो, गोल मारतो, रिक्षांच्या पाठीवर अजून आहे.

मागच्या महिन्यात आईचा फोटो फ्रेम करायचा होता म्हणून मी मुद्दाम त्यांच्याकडेच गेले. पेठेत झेंडे लागले होते, दुपारी मॅच होती. दुकानात शिरले आणि आधी भिंतीकडे बघितलं. आदर्श समर्थक सरळ टांगलेले होते, शाल-श्रीफळासकट माझ्याकडे बघून हसत होते. माझं टाळकं सटकलं. मी म्हटलं, "मामा, सुटलात का? कुणी सोडलं?"

मामा ओशाळले. स्टूल ओढून, गुडघ्याला हात देत वर चढले, फोटो काढला आणि त्याची पाठ माझ्यापुढं धरली. खडू कितीतरी वेळा गिरवल्यासारखा जाड झाला होता.

'गुन्हा: सगळं बघितलं.'

आणि त्याच्याखाली, तितक्याच ठळक अक्षरात, 'सुटका: मॅचपुरती.'